वेशीबाहेरची परिषद

देवखोल गावात उद्योग-तंत्रज्ञान परिषद भरवायची, असं लवू हडकरने ठरवलं तेव्हा गावात मोबाइलला रेंज दोनच ठिकाणी मिळत होती. एक देवळामागच्या कातळावर आणि दुसरी बाबलीच्या माडावर. बाबली नारळ पाडायला चढला की वरूनच चार-दोन फोन उरकून घ्यायचा, आणि कोणाला काय सांगायचं याची आठवण त्याची बायको खालून ओरडून द्यायची. अशा गावात देशातली मोठी तंत्रज्ञ मंडळी येऊन काजूवाल्यांना, मासळीवाल्यांना आणि खानावळवाल्यांना मार्गदर्शन करणार, हे ऐकून लोक लवूकडे जरा काळजीने बघू लागले. रिटायर झालेल्या माणसांचं असं होतं, हे गावाने यापूर्वीही पाहिलेलं होतं.

लवूला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये झालेली. एके काळी अख्ख्या पंचक्रोशीचं बोलणं त्याच्या हाताखालून जायचं. कनेक्शन हवं असलेला माणूस सकाळी ताजा सरंगा मासा घेऊन दारात उभा राहायचा आणि 'साहेब' म्हणायचा. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आले, सरंगा बंद झाला आणि साहेबाचा परत लवू झाला. पण तंत्रज्ञान म्हणजे आपल्या घरचं कार्य, ही त्याची समजूत काही गेली नाही.

एका अर्थी ते खरंही होतं. त्याची एकुलती एक मुलगी रसिका पुण्यातल्या मोठ्या कंपनीत तंत्रज्ञान विभागाची प्रमुख होती. हैदराबाद, बंगळुरू, एकदा तर थेट सिंगापूर, अशा ठिकाणी परिषदा भरत आणि तिथे ती भाषणं करी. त्यांचे व्हिडिओ ती बापाला पाठवी. लवू कातळावर उकिडवा बसून ते लावायचा. पोरगी तोंड उघडायची, मग पडद्यावर ते गोल चाक फिरू लागायचं, मग तिचा एक हात वर झालेला दिसायचा, मग परत चाक. आजवर तिचं एक वाक्य त्याने पुरतं ऐकलेलं नव्हतं. "बाबा, एकदा समोर बसून ऐका ना," असं ती दर वेळी म्हणायची आणि दर वेळी लवूचं काहीतरी निघायचं. कधी काजूची राखण, कधी पंपाची मोटर. त्यात शेजारची शेवंती भेटेल तिथे विचारायची, "काय ओ, चेडू अजून कम्प्युटरारच बसता?" जसं काही रसिका झेरॉक्सच्या दुकानात लागलेली होती.

तेव्हा लवूने मनाशी एकच धरलं. परिषदच गावात आणायची, पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसायचं आणि पोरीचं भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचं. बाकी सिंधुदुर्गाचा औद्योगिक विकास वगैरे पत्रिकेवर छापायला ठीक होतं.

फोनवर हे ऐकून रसिका आधी हसली, मग म्हणाली, "बाबा, खरंच करताय?" त्यानंतर तिने मनावर घेतलं. तिच्या कंपनीचे मुंबईतले सर्वात वरचे साहेब चंदन कारखानीस आणि हैदराबादेत स्वतःची कंपनी चालवणारी तिची मैत्रीण किशोरी, अशी दोन बडी नावं तिने मिळवली. डिसेंबरातला एक शनिवार सोडला तर तिघांना एकत्र सवड नव्हती. सकाळी गोव्याच्या विमानतळावर उतरायचं, बांद्यावरून वर यायचं, भाषणं करायची, मासे जेवायचे आणि संध्याकाळच्या विमानाने परत. रसिकाला रविवारी परदेशी जायचं होतं, म्हणून तीही त्यांच्याबरोबरच परतणार होती.

सल्ल्यांना आपल्याकडे तोटा नसतो. यशोदा, म्हणजे लवूची बायको, म्हणाली की पाहुण्यांना बांगड्यापेक्षा पापलेट करावं. मंडप-साउंडवाला धनेश म्हणाला की स्टेजला मागून धूर सोडला तर शोभा येते. आणि बाबली म्हणाला, "लवू, आधी देवाक कौल लाव."

"ह्यां कम्प्युटरचां काम, बाबली. हेका कौल कित्या व्हयो?"

"बोर मारूच्या आधी लावलंस. म्हस घेवच्या आधी लावलंस. पोरगी शिकाक पुण्याक गेली तेव्हाय लावलंस. मगे आताच तुका काय झाला?"

देवखोलात रवळनाथाला विचारल्याशिवाय कोणी कुदळ मारत नाही. देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि कुठली पाकळी आधी पडते ते बघायचं. लवूनेही जन्मभर तेच केलं होतं. पण हैदराबादच्या पाहुण्यांची तारीख देवळातल्या पाकळीवर ठरली, असं बाहेर कळलं तर काय दिसेल, या विचाराने त्याला एकदम संकोच वाटला. त्याने कौल लावला नाही. एवढ्या आयुष्यात एकदाच तो आधुनिक झाला आणि तेवढंच त्याला भोवलं.

पुढचा महिना परवानग्यांत गेला. शाळेचा हॉल मिळायला ग्रामपंचायतीचं पत्र हवं, ग्रामपंचायतीला पोलिसांचं हवं आणि पोलिसांना तालुक्याच्या एका कचेरीतलं हवं. तिथल्या बाईंनी कॉम्प्युटरवर लवूचं नाव भरलं आणि विचारलं, "कार्यक्रमाचा प्रकार?"

"उद्योग-तंत्रज्ञान परिषद."

"तसं नाहीये यात. धार्मिक आहे, राजकीय आहे, क्रिकेट आहे, दशावतार आहे आणि वाढदिवस आहे."

"राजकीय टाका."

"मग बंदोबस्त लागेल. तुम्ही कुठल्या पक्षाचे?"

"धार्मिक टाका तर."

"देव कोणता?"

लवूने तंत्रज्ञान समजावून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, कारण त्यांना जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ होता. शेवटी त्यांनीच तोड काढली. माणसं स्टेजवर उभी राहून बोलणार, समोर माणसं बसून ऐकणार आणि माइक असणार, म्हणजे दशावतारच की. लवू परवानगी घेऊन घरी आला तेव्हा चंदन कारखानीस आणि मंडळींना खऱ्या तलवारी वापरायला मनाई झालेली होती.

एवढं सगळं जमून आलं आणि देवदिवाळी झाली. दर तीन-चार वर्षांनी देवखोलात गावपळण असते. देवाचा कौल झाला की सगळा गाव माणसं, गुरं, कोंबड्या आणि कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो, माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहतो आणि देव परत बोलावील तेव्हाच घरी येतो. तेवढे दिवस गाव देवाचा. आत माणसाचं पाऊल पडायचं नाही, चूल पेटायची नाही. यंदा पळणीचं वर्ष आहे हे लवूला माहीत नव्हतं असं नाही. पण ती जानेवारीत पडेल, असा त्याने आपला अंदाज बांधला होता.

पाकळी पडली आणि मुख्य मानकरी बाबू गावकर यांनी वळून सांगितलं, "देवान उजवो दिल्यान. शुक्रवारी भायर पडाचा. सोमवारी परतीचो कौल." मधला शनिवार नेमका परिषदेचा होता.

लवू मागून पुढे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाबूनू, परत एकदा इचारून बघलास तर?"

"देवाक फेरविचार करूक सांगू?" बाबू गावकर म्हणाले. "तुझी परिषद आसा, ह्यां तू तेच्या कानार घातलंस कधी? घातलंस असतंस तर तेणा तारीख बदलल्यान असती. मोठो देव तो. पण तेका कळूक तर व्हया."

लवू घरी येऊन पडवीत बसला. यशोदा म्हणाली, "रसिकाक कळवा आणि रद्द करा. चेडू काय खातला नाय तुमका." पण तिघांनी रजा काढलेल्या, तिकिटं झालेली, आणि शेवंती रोज विचारून जात होती की माणसं येतात ना नक्की. रद्द करणं लवूच्या जिवावर आलं. त्या वेळीच त्याने रद्द केलं असतं आणि गाडी पकडून पुण्याला गेला असता तर फार बरं झालं असतं, असं त्याला पुढे बरेचदा वाटलं.

बाबलीने मात्र वेगळा हिशेब मांडला. "लवू, हॉलात तुझी भाषणां आयकाक कोण इलो असतो? मी आणि शेवंती. आता सगळो गाव व्हाळापलीकडच्या मळ्यात. तीन दिवस कोणाक काय काम नाय. थंयच घाल परिषद. पळान खंय जातले?"

हे ऐकून लवूच्या अंगात परत वारं शिरलं. देशातल्या कुठल्याही परिषदेला अख्खा गाव, तोही गुराढोरांसकट हजर नसेल. धनेशने व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, मळ्यात स्टेज बांधलं, जनरेटर आणला, कर्णे बांधले. मळा पलीकडच्या गावच्या हद्दीतला, तेव्हा देवाला घालायचं पहिलं गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, त्या गावच्या मानकऱ्यानेच घालायचं, असा त्यांच्याकडून निरोप आला. पाहुण्यांना जागा बदलल्याचं रसिकाने कळवलं. त्यांनी ते वाचलं आणि मनावर घेतलं नाही, कारण गावाचं नाव तेच होतं.

शुक्रवारी देवखोल रिकामं झालं. संध्याकाळी कुडाळ स्टेशनवर उतरलेल्या रसिकाला बाबली रिक्षातून घेऊन आला. ती खोपीसमोर चुलीशी येऊन बसली, आईच्या हातची पेज प्यायली आणि आजूबाजूच्या बायकांनी तिला मध्ये घेतलं. पलीकडे पोरी फुगड्या घालत होत्या. लवू वायरचं वेटोळं खांद्यावर घेऊन तिथून जात होता.

"बाबा, जरा बसा ना," ती म्हणाली.

"आता नको. खुर्च्या यायच्या आहेत. उद्या तुझं भाषण होऊ दे, मग निवांत बसू."

"उद्या मला निघायचंय, बाबा."

"भाषण तर ऐकणार ना मी," असं म्हणून लवू वायर घेऊन पुढे गेला.

शनिवारी सकाळी सगळी माणसं आंघोळ करून मळ्यात बसली होती आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता. तेवढ्यात कोणीतरी बोट दाखवलं. व्हाळापलीकडच्या रस्त्यावरून एक पांढरी गाडी देवखोलात शिरत होती. पाहुण्यांच्या फोनमधल्या रस्ता दाखवणाऱ्या बाईला हायस्कूल माहीत होतं, गावपळण माहीत नव्हती.

"गावात माणूस शिरलो," बाबू गावकर उभे राहून म्हणाले, आणि सगळा मळा उठून उभा राहिला.

परिस्थिती मोठी नाजूक होती. आत जाऊन त्यांना बाहेर काढावं तर आत जायची कोणाला मुभा नाही. फोन करावा तर रेंज आतल्या कातळावर. आत ती दोन माणसं बंद दारांच्या, कुत्रंही न भुंकणाऱ्या गावात एकटीच फिरत असणार. लवू वेशीवर उभा राहून ओरडून बघत होता. ज्या माणसाने जन्मभर पंचक्रोशीला एकमेकांशी बोलतं केलं, त्याला हाकेच्या अंतरावर निरोप पोचवता येईना. शेवटी धनेशने दोन्ही कर्णे गावाकडे वळवले आणि लवूने माइक हातात घेतला. "तंत्रज्ञान क्षेत्रातील मान्यवरांना नम्र विनंती. आपण चुकून देवाच्या गावात गेला आहात. घाबरू नये. कशालाही हात न लावता मागे फिरावे आणि देवळावरून डावीकडे वळून व्हाळावर यावे." हे त्याने मराठीतून, हिंदीतून आणि आठवेल तेवढ्या इंग्रजीतून पुनःपुन्हा सांगितलं. जनरेटर सकाळपासून त्यासाठी धडधडत राहिला. रसिका तोंडावर पदरासारखी ओढणी धरून हसत होती.

पाहुणे आले तेव्हा जरा पांढरेफटक पडलेले होते. किशोरीने हळूच विचारलं की गावातली माणसं गेली कुठे. "इकडेच आहेत," असं रसिकाने तिला सांगितलं. आता देवाची क्षमा मागणं आलं. पलीकडच्या गावच्या मानकऱ्याने आपलं गाऱ्हाणं घातलं, ते लांबलं. मग बाबू गावकर पुढे झाले.

"बा देवा म्हाराजा, ही मुंबय-हैद्राबादची लेकरां, वाट दाखवणाऱ्या यंत्रान फसवल्यान म्हणान तुझ्या गावात शिरली..."

"व्हय म्हाराजा," सगळा मळा म्हणाला.

"तेंची काय चूकभूल झाली आसात तर ती पदरात घे..."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्या लवूच्या परिषदेक यश दे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तो सूर विरायच्या आत चंदन कारखानीस बोलायला उभे राहिले. मोठ्या वक्त्यांप्रमाणे प्रत्येक वाक्यानंतर थांबायची त्यांना सवय होती. "आज आपण एका नव्या युगाच्या उंबरठ्यावर उभे आहोत," ते म्हणाले आणि थांबले. मळ्यातून आवाज आला, "व्हय म्हाराजा." ते दचकले. "यंत्रं आता माणसासारखा विचार करू लागली आहेत." "व्हय म्हाराजा." "जो बदलणार नाही, तो मागे पडेल." "व्हय म्हाराजा," आणि पुढे बसलेल्या काही म्हाताऱ्यांनी हात जोडले. कारखानीसांना इतकं पटणारे श्रोते यापूर्वी मिळालेले नसावेत. ते ठरल्याहून बरंच जास्त बोलले.

किशोरी हिंदीतून बोलली. आपला पिन नंबर कधीही कोणालाही सांगू नका, हे तिने इतकं तळमळीने सांगितलं की शेवंतीला भरून आलं. तिने उठून सगळ्यांदेखत आपला पिन सांगितला आणि म्हणाली, "ह्यो माझो. आजपासून मी तो कोणाक सांगूचंय नाय." टाळ्या झाल्या. लवू पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसला होता. हडकरांची रसिका आता बोलेल, असं धनेशने जाहीर केलं, लवूने खुर्ची जरा पुढे ओढली आणि जनरेटर बंद पडला.

"काका, डिझेल संपला," धनेश म्हणाला.

दिवसभराचं डिझेल भरलेलं होतं. पण सकाळचा वेळ कर्ण्यांनी खाल्ला होता. शिवाय वीज आहे म्हटल्यावर सगळ्या गावाने आपले फोन जनरेटरशी चार्जिंगला आणून रचले होते, आणि बायकांनी पाहुण्यांच्या कालवणाचं वाटण मिक्सरवर लावलं होतं. या सगळ्याला परवानगी लवूनेच दिलेली होती.

"बाबा, माइक नको. मी अशीच बोलते," रसिका स्टेजवरून म्हणाली. "माणसं जवळच तर बसली आहेत."

"अशी कशी?" लवू म्हणाला. त्या दोघांनी माइकवर बोलायचं आणि आपल्या पोरीने आपल्याच गावात मासळी विकल्यासारखं ओरडायचं, हे त्याला सहन होईना. "मी हा गेलो आणि हा आलो. मी येईपर्यंत सुरू करू नको."

धनेश जायला तयार होता. पण धनेश वाटेत चहाला थांबेल, असं लवूला वाटलं. स्वतः गेल्याशिवाय कुठलंही काम नीट होत नाही, असं मानणाऱ्या माणसांपैकी तो होता. त्याने बाबलीची स्कूटर काढली, कॅन पायांत धरला आणि निघाला.

पंपावरच्या मॅनेजरने प्लास्टिकच्या कॅनात डिझेल मिळणार नाही, असा नियम सांगितला. लवूने विनवण्या केल्या, एक्सचेंजमधल्या नोकरीचा दाखला दिला. शेवटी खिशातून परवानगीचा कागद काढून दाखवला. मॅनेजरने तो वाचला आणि त्याचा चेहराच बदलला.

"अरे, दशावतार? आधी सांगायचं नाही का? दिवसाढवळ्या? पळणीतला असेल." कॅनात डिझेल पडू लागलं. "आख्यान कुठलं लावलंय?"

लवू घायकुतीला आला होता. तोंडाला येईल ते नाव त्याने सांगितलं.

"आणि संकासुर कोण करतो? मी स्वतः संकासुर करायचो, सांगतो तुम्हाला. तसा नाच आता कोणाला येत नाही." आणि डिझेलची नळी तशीच थांबवून मॅनेजरने पंपाच्या आवारात संकासुराचा प्रवेश करून दाखवला. लवू कॅन धरून उभा राहिला. मध्येच निघालं तर डिझेल अर्धंच मिळणार होतं. प्रवेश संपल्यावर मॅनेजरने विचारलं की कसं वाटलं, आणि लवूला छान वाटलं असं सांगावं लागलं.

परतताना मळ्याच्या बांधावर पोचला तेव्हा त्याला हशा ऐकू आला. सगळा गाव एकदम हसत होता. मग शांत झालं, इतकं शांत की स्कूटरचा आवाज त्यालाच मोठा वाटला. मग टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. भजन सुरू झालं असेल, अशी लवूने स्वतःची समजूत घातली. डिसेंबरच्या दुपारी मळ्यात असं भजन कोणी करत नाही, हे त्याला माहीत होतं.

तो पोचला तेव्हा माणसं उठत होती. बाबली पंच्याने नाक पुसत होता. "लवू मेल्या, खंय होतंस? चेडू काय बोलला तुझा. जलमात असा आयकूक नाय."

रसिका गाडीपाशी उभी होती. कारखानीस घड्याळाकडे बघत होते. गाऱ्हाण्यांत आणि त्यांच्या स्वतःच्या भाषणात गेलेला वेळ विमान थोडंच भरून देणार होतं? त्यांनीच तिला सुरू करायला लावलं होतं. पापलेटं डब्यात भरून गाडीत ठेवली होती.

"मिळालं डिझेल?" रसिकाने विचारलं.

"मिळालं." लवूने कॅन खाली ठेवला. "झालं तुझं?"

"झालं, बाबा. मालवणीतच बोलले."

"थोडंसं परत बोलशील? थोडंसंच."

तिने त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली. "परत नाही येणार तसं," ती म्हणाली. मग वाकून पाया पडली आणि गाडीत बसली. गाडी बांधावरून वळेपर्यंत धनेशने जनरेटर चालू केला, आणि रिकाम्या खुर्च्यांवरून आवाज आला, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग."

लवूने ज्याला त्याला विचारलं की काय बोलली. बाबली म्हणाला, पोरीने सगळ्यांना हसवलं, पण कशावर ते आता नक्की आठवत नाही. शेवंती म्हणाली, "काय नाय, साधाच बोलला. पण बरा बोलला." बाबू गावकर म्हणाले की देवावर बोलली, चांगलं बोलली. कोणीतरी रेकॉर्ड केलं असेल, या आशेवर लवू खोपीखोपीतून हिंडला. पण गावाचे सगळे फोन त्याच्याच जनरेटरशी ढिगात पडून होते. पाहुण्यांचे हातात होते, पण ऐकता ऐकता राहूनच गेलं, असं किशोरीने नंतर रसिकाकडे कबूल केलं.

सोमवारी कौल झाला आणि गाव घरी आला. यशोदा मात्र या विषयावर बोलायला तयार नव्हती. लवूने दोनदा विचारलं, तिने दोनदा भांडी घासायला घेतली. शेवटी एका संध्याकाळी ती आपणहून म्हणाली.

"तुमका आयकूचा आसा ना? मगे आयका. तां म्हणाला, माझो बापूस आता हंय नाय, माझ्यासाठी डिझेल हाडूक गेलो. शाळेत माका बक्षीस मिळाला तेव्हा तो मंडपाच्या मागे वायर जोडी होतो. कॉलेजात मी पयली इलंय तेव्हा पाहुण्यांक हाडूक स्टेशनार गेलो होतो. तेवढ्यार सगळे हसले. मगे म्हणाला, तेणा माका कधी आयकूक नाय. पण माका लोकांनी आयकूचा, म्हणान तो जलमभर धावता." यशोदा दिवा लावायला उठली. "फुडे आणखी बोलला. तां माका सांगूक जमाचा नाय."

त्या रात्री लवू नीट जेवला नाही. वाईट त्याला याचं वाटलं की पोरीने तक्रार केली नव्हती. तक्रार केली असती तर उत्तर देता आलं असतं. कामं होती, कोणीतरी करायला हवी होती, असं सांगता आलं असतं. आता सांगायचं कोणाला आणि काय, हे त्याला कळेना.

रसिका परदेशातून परत आल्याचं कळलं त्या आठवड्यात तो यशोदेबरोबर कुडाळच्या बाजाराला गेला होता. तिथे रेंज भरपूर. सोलकढीच्या दुकानातल्या बाकावर बसून त्याने फोन लावला.

"बोला बाबा," रसिका म्हणाली. "काय काम होतं?"

"काम काही नाही."

"पंप बिघडला का परत?"

"नाही. तू बोल. मी ऐकतो."

लवूने फोन कानाशी घट्ट धरला.

"बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?" रसिकाचा आवाज एकदम बदलला. "काय होतंय? खरं सांगा. छातीत वगैरे दुखत नाहीये ना?"

"मला काय होतंय? तू आपली बोल. काही पण."

"आई आहे का तिथे? आईला द्या बघू फोन."

लवूने फोन यशोदेच्या हातात दिला. यशोदेने तो कानाला लावला आणि म्हणाली, "नाय गो, काय जावक नाय. बरे आसत. आताच सोलकढी प्याले." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. मधूनच मान हलवायची, मधूनच "व्हय गो" म्हणायची, एकदा हसली. लवू बाकावर तिच्याकडे सरकून बसला. पण बाजार भरलेला होता, माणसांचा गलका चालू होता, आणि पलीकडून रसिका काय बोलतेय ते त्याला ऐकू येत नव्हतं.